फोर बाय फोरला ऑल टेरेन टायर घातल्यावर ॲव्हरेज खरोखर किती पडते?

शिवसागर_अलीकडे (सातारा)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे डिझेल स्कॉर्पिओ-एनची फोर बाय फोर गाडी आहे आणि तिचे कंपनीकडून आलेले २५५/६० आर १८ मापाचे हायवे टेरेन (पक्क्या रस्त्यासाठीचे) टायर आता बदलायला झाले आहेत. गाडी बहुतांश वेळा सातारा–पुणे महामार्गावर असते. उरलेला वापर बामणोलीच्या बाजूला आमच्या शेतावर जाण्यासाठी होतो, आणि त्या वाटेचा शेवटचा टप्पा म्हणजे पावसाळ्यात चिखलाने भरून जाणारी पाणंद आहे. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे हायवे टेरेन टायर जागच्या जागी फिरत राहतात आणि मग ट्रॅक्टर बोलवावा लागतो.

माझ्या एका मित्राने अगदी हीच गाडी असताना २५५/६५ आर १८ मापाचे ऑल टेरेन (पक्का रस्ता आणि कच्ची वाट, दोन्हींसाठीचे) टायर घातले, आणि त्याच्या सांगण्यानुसार ॲव्हरेज तेरावरून साडेअकरावर आले. टायरच्या दुकानात विचारले तर "एवढा फरक पडतोच" असे उत्तर मिळते, पण तो का पडतो आणि त्यातला किती टाळता येतो, हे कोणी सांगत नाही. नक्षी, वजन, रुंदी, रबराचा प्रकार, यांपैकी नेमके काय डिझेल खाते? चिखलात निभावेल आणि महामार्गावरही परवडेल असा टायर निवडताना काय पाहावे? ज्यांनी स्वतः बदल करून हिशेब ठेवला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

कृष्णाकाठ (कराड)

माझ्याकडे वेगळी गाडी आहे, पण अनुभव तोच. हायवेवरून ऑल टेरेनवर आल्यावर लिटरमागे साधारण एक किलोमीटर कमी झाला. ऊसतोडीच्या दिवसांत शेतातून बाहेर पडण्याची चिंता मिटली, त्यामुळे मला तो सौदा मान्य आहे.

गणिती (सांगली)

शिवसागर दादा, आपल्या मित्राचे दोन्ही आकडे एकाच पट्टीने मोजलेले नाहीत, आणि या विषयावरच्या बहुतेक चर्चा इथेच फसतात.

गाडीचा किलोमीटर दाखवणारा आकडा चाकाच्या फेऱ्यांवरून येतो. २५५/६० आर १८ म्हणजे रुंदी २५५ मिलिमीटर, टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ६० टक्के आणि रिम १८ इंचांची. अशा टायरचा बाहेरील व्यास सुमारे ७६३ मिलिमीटर असतो, तर २५५/६५ आर १८ टायरचा सुमारे ७८९ मिलिमीटर. म्हणजे नवे चाक प्रत्येक फेरीत ३.३ टक्के जास्त अंतर कापते, आणि गाडीला त्याची काहीच कल्पना नसते. आता दुसरी गोष्ट पाहा. जुना टायर काढला तेव्हा तो झिजलेला होता. त्याची नक्षी सहा मिलिमीटरने झिजली होती असे धरले, तर व्यास बारा मिलिमीटरने घटून ७५१ वर आला होता. तेव्हा खरी तुलना ७५१ आणि ७८९ यांची आहे, आणि तो फरक पाच टक्क्यांचा होतो.

साडेअकराला पाच टक्क्यांची दुरुस्ती केली की उत्तर सुमारे १२.१ येते. दीड किलोमीटरची जी घट आपल्याला सांगितली गेली, तिच्यातला एक तृतीयांशाहून मोठा भाग केवळ मोजमापातला आहे. तेवढे डिझेल जळालेलेच नाही. गाडीच्या पडद्यावर दिसणारे ॲव्हरेजसुद्धा याच चुकीच्या अंतरावर काढलेले असते, त्यामुळे टाकी फुल करून हिशेब केला तरी अंतर मात्र महामार्गावरच्या किलोमीटरच्या दगडांवरून किंवा जीपीएसवरून घ्यावे.

शिवसागर_अलीकडे (सातारा)

गणिती साहेब, मनापासून आभार. म्हणजे खरी घट तेरावरून बारापर्यंत, सुमारे सात टक्के. मग हे सात टक्के कशात जातात?

रबर_आणि_रस्ता (कराड)

टायरच्या धंद्यात बरीच वर्षे असल्यामुळे या प्रश्नाचे उत्तर देणे मला माझे काम वाटते.

टायर जिथे रस्त्याला टेकतो तिथे तो चपटा होतो आणि पुढे गेल्यावर पुन्हा गोल होतो. रबर दाबण्यासाठी जेवढी ऊर्जा लागते तेवढी ते परत देत नाही. उरलेली ऊर्जा उष्णता होऊन जाते. पुण्याहून आल्यावर टायरला हात लावलात तर तो गरम लागतो, ती उष्णता डिझेलमधूनच आलेली असते. रोलिंग रेझिस्टन्सचा, म्हणजे टायर फिरताना गाडीला होणाऱ्या विरोधाचा, फार मोठा हिस्सा हाच आहे. रस्त्याशी होणारे घासणे आणि टायरभोवतीची हवा यांचा वाटा त्यामानाने लहान असतो.

ऑल टेरेन टायरमध्ये ही उष्णता का वाढते, तर नक्षी खोल असते म्हणून दर फेरीला जास्त रबर दबते. नक्षीचे ठोकळे सुटे सुटे असल्यामुळे ते रस्त्यावर टेकताना वाकतात आणि मुरगळतात. आणि दगड-काट्यांपासून बचाव व्हावा म्हणून रबराचे मिश्रण चिवट ठेवलेले असते, तेव्हा ते ऊर्जा जास्त गिळते. मड टेरेनमध्ये, म्हणजे खास चिखलासाठीच्या टायरमध्ये, हे सगळेच आणखी वाढते. ठोकळे मोठे, मधल्या खाचा रुंद, साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) जाड. झिजलेल्या टायरचा रोलिंग रेझिस्टन्स नव्यापेक्षा कमी असतो, त्यामुळे जुना हायवे टायर काढून नवा ऑल टेरेन घातला की तुलना आणखी एका बाजूने एकांगी होते. गणिती साहेबांनी व्यासाचे सांगितले, त्याला ही पुस्ती जोडावी.

आता निवडीचा खरा मुद्दा सांगतो. एकाच मापाचा ऑल टेरेन टायर दोन प्रकारांत मिळतो. एक प्रवासी गाडीच्या बांधणीचा आणि दुसरा ज्याच्या मापाआधी "एलटी" लिहिलेले असते तो, म्हणजे हलक्या मालवाहू गाडीच्या बांधणीचा. एलटी टायर जड असतो, त्याचे थर मजबूत असतात, आणि तोच भार उचलण्यासाठी त्याला जास्त हवा लागते. अनेक गाड्यांत एलटी टायर बसवून दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलीच हवा भरली जाते. तो टायर तेव्हा भाराच्या मानाने अर्धपोटी चालतो, गरम होतो, कडेने झिजतो आणि डिझेलही खातो. आपण पुण्याला जाणारी माणसे आहात. मुक्कामाला दगडखाण नसेल तर एलटीची गरज नाही.

माणदेशी (दहिवडी)

रबर दादांच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. आमच्याकडे माण-खटावमध्ये चिखल फारसा नाही, पण बाभळीचा काटा आणि धारदार दगड वर्षभर आहेत. प्रवासी बांधणीच्या टायरची साइडवॉल दगडावर घासून एकदा फाटली की ती पंक्चरवाल्याकडून दुरुस्त होत नाही, टायर सरळ बदलावा लागतो. एका टायरच्या किमतीत किती लिटर डिझेल येते याचा हिशेब इथे कोणी मांडलेला नाही. मी एलटी वापरतो, हवा योग्य तेवढी ठेवतो, आणि लिटरमागे जे काही कमी होते ते मी विम्याच्या हप्त्यासारखे मोजतो.

रबर_आणि_रस्ता (कराड)

माणदेशी, आपल्या रस्त्यांसाठी आपली निवड बरोबरच आहे, आणि हवेची काळजी घेता हे त्याहून महत्त्वाचे. मी लिहिले ते बामणोलीच्या पाणंदीसाठी. तिथे माती मऊ आहे, दगडाच्या धारेचा धोका कमी आहे आणि घसरणे जास्त आहे.

पसरणी_घाट (वाई)

मी वाईहून पाचगणीला नोकरीसाठी रोज घाटाने जाते, म्हणून एक वेगळी बाजू मांडते. या धाग्यात सगळे डिझेलबद्दल बोलत आहेत, परंतु पावसात घाटातल्या डांबरावर गाडी थांबण्याबद्दल कोणीच लिहिलेले नाही. मड टेरेनच्या मोठ्या ठोकळ्यांमध्ये बारीक चिरा कमी असतात आणि ओल्या, गुळगुळीत डांबरावर ब्रेक दाबल्यावर त्यांची पकड हायवे टायरपेक्षा स्पष्टपणे कमी पडते. महाबळेश्वरच्या पट्ट्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्या पावसात वळणावर समोरून एसटी येत असताना मला डिझेलचा हिशेब सुचत नाही.

शिवसागर दादांना माझी विनंती आहे की ऑल टेरेन घेताना ठोकळ्यांवर बारीक चिरा भरपूर असलेली नक्षी पाहावी. अशा नक्षीचे ठोकळे जवळजवळ असतात, त्यामुळे ती महामार्गावर आवाजही कमी करते.

यंत्रकाम (इस्लामपूर)

वाईच्या ताईंच्या मुद्द्याला जोडून सांगतो की आपल्याकडे एआयएस-१४२ या मानकात टायरचा रोलिंग रेझिस्टन्स, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज या तिन्हींच्या कसोट्या एकत्र दिलेल्या आहेत. हे तीन गुण एकमेकांना ओढतात. रबर असे बनवायचे की ते कमी ऊर्जा गिळेल आणि तरीही ओल्या रस्त्याला चिकटेल, हेच टायर बनवणाऱ्यांपुढचे अवघड काम आहे. सिलिका मिसळलेल्या रबरामुळे यात बरीच प्रगती झाली. म्हणून केवळ "ऑल टेरेन" हे नाव पाहून सगळे टायर सारखेच डिझेल खातील असे समजू नये. एकाच वर्गातल्या दोन टायरांमधला फरक कधी कधी दोन वर्गांमधल्या फरकाएवढा असतो.

जत_पूर्व (जत)

हिशेब वाचून बरे वाटते, पण माझ्या गाडीत मड टेरेन बसवल्यापासून ॲव्हरेज चौथाईने घटले आहे. पाच-सात टक्के म्हणणाऱ्यांनी एकदा माझ्याबरोबर जत ते मिरज यावे.

गणिती (सांगली)

जत दादा, आपला अनुभव मी नाकारत नाही. आधी टायरच्या वाट्याला किती येते ते पाहू, मग उरलेले कुठे गेले ते शोधू.

उदाहरणासाठी गाडी दोन टनांची धरू. चांगल्या हायवे टायरचा रोलिंग रेझिस्टन्सचा गुणांक ०.०१० आणि ऑल टेरेनचा ०.०१३ धरला, तर गाडी ढकलायला लागणारे बळ अनुक्रमे सुमारे १९६ आणि २५५ न्यूटन येते. फरक ५९ न्यूटनचा. शंभर किलोमीटरला तो सुमारे ५.९ मेगाजूल होतो. एका लिटर डिझेलमध्ये साधारण ३६ मेगाजूल ऊर्जा असते आणि तिच्यातली एक तृतीयांश चाकांपर्यंत पोहोचते असे मानले, तर हा फरक शंभर किलोमीटरला जेमतेम अर्धा लिटर भरतो. शंभर किलोमीटरला आठ लिटर खाणारी गाडी साडेआठ खाईल, म्हणजे साडेबाराचे ॲव्हरेज ११.८ होईल. शिवसागर दादांच्या मित्राची दुरुस्त केलेली घट याच्या जवळ जाते.

वजनाबद्दल मात्र लोकांच्या मनात उगीच मोठी भीती आहे. साताऱ्यातून यवतेश्वरमार्गे कासच्या उंचीपर्यंत साधारण ५०० मीटरचा चढ आहे. दोन टनांची गाडी तेवढी वर न्यायला सुमारे ८०० मिलिलिटर डिझेल लागते. चार टायर मिळून वीस किलोने जड झाले, तर त्या चढाला ८ मिलिलिटर जास्त. गाव-बाजारात सारखे थांबत-निघत गेल्यास फिरत्या वजनाचा परिणाम थोडा वाढतो, कारण कडेला असलेले वजन सरळ पुढेही ढकलावे लागते आणि फिरवावेही लागते, पण महामार्गावर तो जवळजवळ दिसत नाही.

आता आपण सांगा. टायरबरोबर आणखी काय बदलले?

जत_पूर्व (जत)

गाडी दोन इंचांनी उचलली आहे आणि वर कॅरिअर आहे. टायर मूळ मापापेक्षा दोन आकडे मोठे आहेत. महामार्गावर वेग शंभरच्या आसपास असतो.

गणिती (सांगली)

मग उत्तर आपणच दिलेत. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० ऐवजी १०० चा वेग ठेवला की तो १.५६ पट होतो. उचललेली गाडी आणि कॅरिअर यांनी आधीच वाढलेल्या विरोधाला ही पट लागते. याशिवाय मोठ्या चाकामुळे किलोमीटर कमी दिसतात ते वेगळेच. कॅरिअर रिकामे असते तेव्हा तरी उतरवून ठेवावे आणि एकदा ८० च्या वेगाने मिरजेला जाऊन हिशेब करावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

मिरज_जंक्शन (मिरज)

माझ्या जुन्या जिप्सीला मूळ २०५/७० आर १५ ऐवजी २१५/७५ आर १५ टायर आहेत. तिथे व्यास पाच टक्क्यांहून अधिक वाढतो, आणि मोठ्या चाकामुळे गिअरचे गुणोत्तरही लांब होते. सपाट रस्त्यावर इंजिन थोडे निवांत फिरते हे खरे, पण चढाला एक गिअर खाली यावेच लागते. लहान इंजिनाच्या गाडीला मोठे चाक महागात पडते. मोठ्या डिझेल इंजिनाला त्याचे तितके वाटत नाही.

बामणोली_पलीकडे (जावळी)

मी त्याच भागातला आहे, त्यामुळे शिवसागर दादांची पाणंद मला डोळ्यांपुढे दिसते. आमच्याकडे वरच्या अंगाला जांभ्याची तांबडी माती आहे. ती पाणी धरते, निसरडी होते, पण नदीकाठच्या काळ्या मातीसारखी टायरला थापून राहत नाही. त्यामुळे ऑल टेरेनच्या खाचा तिथे बऱ्यापैकी मोकळ्या राहतात आणि मड टेरेनशिवाय निभावते. काळ्या मातीत मात्र ऑल टेरेनची नक्षी काही फेऱ्यांत भरून सपाट होते आणि मग रुंद खाचांचा मड टेरेनच स्वतःला साफ करत पुढे जातो. कराड–सांगली पट्ट्यातल्या मंडळींनी आपल्या मातीचा अनुभव इकडच्या मातीला लावू नये.

दुसरी गोष्ट हवेची. चिखलात शिरण्यापूर्वी हवा वीस पीएसआयच्या (हवेचा दाब मोजण्याचे एकक) आसपास आणली की टायर पसरतो आणि साध्या ऑल टेरेननेही काम होते. अडचण परत येताना होते. पाणंद संपते, डांबर लागते, आणि माणसे तीच हवा घेऊन थेट साताऱ्यापर्यंत येतात. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या आकड्यानुसार चारही टायरांत सरासरी एक पीएसआय कमी असेल तर इंधन सुमारे ०.२ टक्का जास्त लागते. बारा पीएसआय कमी असताना तो तोटा अडीच टक्क्यांच्या घरात जातो, आणि वेगात तसा टायर तापून फुटण्याचा धोका त्याहून गंभीर आहे. सिगारेट लायटरच्या खोबणीत लागणारा छोटा कॉम्प्रेसर गाडीत ठेवावा. टायर बदलण्याआधी मी कोणालाही हेच सांगेन.

आणि एक विनंती सगळ्यांनाच. नवे टायर आले म्हणून कासच्या सड्यावर गाडी उतरवू नये. २०१२ पासून तो जागतिक वारशाचा भाग आहे, आणि तिथे मातीचा थर इतका पातळ आहे की चाकाची एक खूण कित्येक वर्षे भरून येत नाही.

कृष्णाकाठ (कराड)

सड्याबद्दल पूर्ण सहमत. तसेच काळ्या मातीबद्दल जे लिहिले ते शब्दशः खरे आहे.

यंत्रकाम (इस्लामपूर)

मापाविषयी एक सावधगिरी. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलापासून गाडीत बदल करण्यावर निर्बंध आहेत, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते स्पष्ट केले. त्याच गाडीच्या एखाद्या आवृत्तीला कंपनी जे माप देते, त्याच्या पलीकडे जाऊ नये. टायरवरचा भारांक (किती वजन पेलतो तो आकडा) आणि वेगाचे अक्षर (किती वेगापर्यंत चालतो ते) मूळ टायरपेक्षा खाली असू नये. अपघातानंतर विम्याच्या दाव्यात या गोष्टी तपासल्या जातात. मूळ माप ठेवल्यास किलोमीटरचा हिशेब जवळपास खरा राहतो, हा फायदा वर मिळतो.

शिवसागर_अलीकडे (सातारा)

सर्वांचे ऋण मानतो. आतापर्यंतच्या चर्चेवरून मी निर्णयाकडे आलो आहे. मूळ २५५/६० आर १८ मापातच, प्रवासी बांधणीचा, बारीक चिरांच्या जवळ-जवळ ठोकळ्यांचा ऑल टेरेन घ्यायचा आणि गाडीत कॉम्प्रेसर ठेवायचा. गणिती साहेबांचा अर्धा लिटर धरला तर वर्षाला पंधरा हजार किलोमीटरला पंचाहत्तर लिटर डिझेल जास्त लागेल. पावसाळ्यातला ट्रॅक्टर आणि शेतावर वेळेत पोहोचणे यांच्यासमोर मला ते मान्य आहे. वाईच्या ताईंनी लिहिले नसते तर ओल्या घाटाचा विचार मी यादीत सर्वांत शेवटी ठेवला असता.

एक प्रश्न उरतो. दुकानदार म्हणतो चारच घ्या, स्टेपनीला जुना हायवे टायर राहू द्या. हे चालेल का?

रबर_आणि_रस्ता (कराड)

चालवता येईल, परंतु अटीसह. आपली फोर बाय फोर कायमस्वरूपी नसून लिव्हर किंवा बटणाने जोडण्याची आहे. ती जोडली की पुढचा आणि मागचा आस एकाच गतीने फिरायला बांधले जातात. झिजलेल्या आणि नव्या टायरच्या व्यासातला फरक मग यंत्रणेत ताण बनून साठतो. चिखलात चाक घसरते म्हणून तो सुटतो, डांबरावर सुटत नाही. त्यामुळे जुनी स्टेपनी लागलीच तर गाडी टू व्हीलवर ठेवून, कमी वेगाने, पंक्चरवाल्यापर्यंत जावे आणि ती मागच्या आसाला फार काळ ठेवू नये, कारण एका आसावर दोन व्यासांची चाके असली की डिफरन्शिअल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरपेटी) सतत काम करत राहते.

बजेट असेल तर पाच टायर घ्यावेत आणि दर आठ-दहा हजार किलोमीटरला स्टेपनीसह फिरवावेत. पाचही सारखे झिजतात, आणि पुढच्या वेळी बदलायला एकदमच येतात. नवे टायर बसवल्यावर अलाइनमेंट करून घ्यावी; चाके किंचित आत-बाहेर असली तर उत्तम टायरही घासत राहतो. हवा मात्र सकाळी गाडी काढण्यापूर्वी, टायर थंड असताना मोजावी. आनेवाडी टोलनाक्यापर्यंत गेल्यावर मोजली तर आकडा फुगलेला दिसतो आणि कोणीतरी ती चुकून कमी करतो.

पसरणी_घाट (वाई)

पाचही टायरांवर बाजूला कोरलेला बनावटीचा आठवडा आणि वर्ष दुकानातच वाचून घ्या. चार आकड्यांतले पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे असतात. गोदामात बराच काळ पडून राहिलेल्या टायरचे रबर कडक होते, आणि ओल्या घाटात तेच सर्वांत आधी जाणवते.